कोवळा घोडा, त्याचे नाक आणि नोजबँड

घोड्याच्या डोक्यावरच्या पट्ट्यांच्या साजातून, म्हणजे ब्रायडलमधून, नाकाभोवतीचा पट्टा, म्हणजे नोजबँड, काढून ठेवला, तरी ब्रायडलचे काम अडत नाही. कानांमागून येणारा पट्टा, गालांवरचे पट्टे, तोंडातली लोखंडी कांडी म्हणजे बिट आणि हातातला लगाम एवढ्यावर घोडा चालतो, वळतो आणि थांबतो. तरीही घोड्याच्या साजाच्या दुकानात सर्वांत जास्त नमुने नोजबँडचेच टांगलेले असतात, आणि नवा घोडा जरा अडून बसू लागला की तबेल्यातल्या माणसांचे हात पहिल्यांदा नोजबँडच्या बकलाकडे जातात. मी पुण्याजवळच्या एका तबेल्यात कोवळे घोडे फेरण्याचे, त्यांना खोगीर आणि लगाम यांची सवय लावण्याचे काम करते. या कामात नोजबँडचे दोन उपयोग होतात आणि ते एकमेकांपासून फार दूरचे आहेत. एकात आपण नाकावरच्या हलक्या दाबाने घोड्याला वळण, वेग आणि थांबणे शिकवतो, आणि तेवढा वेळ त्याच्या तोंडाला त्रास देत नाही. दुसऱ्यात आपण त्याचे तोंड बांधून ठेवतो. पोलो किंवा टेंट पेगिंगच्या (धावत्या घोड्यावरून भाल्याने खुंटी उचलण्याच्या खेळाच्या) घोड्यांना जेरबंद, म्हणजे डोके फार वर जाऊ नये म्हणून छातीकडून येणारा पट्टा, अडकवण्यासाठी नोजबँड लागतो, तो तिसरा उपयोग, पण तो तयार घोड्यांचा विषय आहे. कोवळ्या घोड्यासाठी पहिला उपयोग मला फार मोलाचा वाटतो, आणि दुसरा मी जवळजवळ वर्ज्य मानते. त्यामागची कारणे घोड्याच्या डोक्याच्या रचनेत आहेत, म्हणून सुरुवात तिथून करते.

घोड्याचे नाक हाताने नीट चाचपून पाहावे. कपाळाकडून खाली येताना वरची बाजू कठीण लागते, ते नाकाचे हाड. हे हाड खाली येईल तसे निमुळते आणि पातळ होत जाते आणि नाकपुड्यांच्या बरेच वर संपते. त्यापुढे फक्त कूर्चा आणि मऊ मांस असते. तर्जनीने हलके दाबत खाली गेल्यास हाड कुठे संपले ते चटकन कळते, कारण तिथे बोट किंचित आत जाते. घोडा केवळ नाकानेच श्वास घेतो. धाप लागली तरी तो माणसासारखा तोंडाने हवा ओढू शकत नाही. त्यामुळे त्या मऊ जागेवर पट्टा आवळणे म्हणजे त्याच्या श्वासाची वाट अरुंद करणे होय. बाजूने पाहिल्यास डोळ्याखालून पुढे आलेली गालाच्या हाडाची कड दिसते. तिच्या पुढच्या टोकाच्या जरा पुढे आणि वर, कातडीखाली, हाडातल्या एका छिद्रातून वरच्या ओठाला आणि नाकपुडीला संवेदना पुरवणारी मज्जातंतूंची जुडी बाहेर पडते. खालच्या बाजूला जबड्याच्या दोन्ही हाडांच्या कडा हनुवटीकडे येताना अरुंद होत जातात आणि त्यांच्यावर मांस फारसे नसते. एवढ्या सगळ्या नाजूक ठिकाणांवरून एकच पट्टा जातो.

याहून महत्त्वाची गोष्ट गालाच्या आत आहे. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो आणि चारा चावताना तो खालचा जबडा आडवा फिरवतो. त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची कड नीट झिजत नाही आणि तिला धार येते. ब्रायडलमधला साधा कॅव्हसन नोजबँड गालाच्या हाडाच्या कडेखाली एक-दोन बोटांवर बसतो, आणि बरोबर त्याच जागी आतून पुढच्या दाढा असतात. पट्टा आवळला की गालाचे आतले अस्तर त्या धारेवर दाबले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला मऊ अस्तर लावलेला, तेलपाणी केलेला चामडी पट्टा दिसतो, आणि घोडाही शांत दिसतो, कारण जबडा हलवला की आत टोचते हे त्याला कळून चुकलेले असते. मान खाली घेताना आणि डोके आत घेताना खालचा जबडा वरच्याच्या तुलनेत किंचित पुढे सरकतो. घोड्याने डोके आत घ्यावे ही अपेक्षाही आपण ठेवायची आणि त्यासाठी लागणारी जबड्याची हालचालही आपणच बांधून टाकायची, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही.

आता वयाचा हिशेब पाहू. घोड्याचे समोरचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांच्या वयात पडतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनच्या सुमारास आणि कोपऱ्यातले साडेचारच्या. दुधाच्या दाढा तीन टप्प्यांत, साधारण अडीच, तीन आणि चार वर्षांच्या वयात बदलतात. चौथ्या-पाचव्या वर्षी नरांना सुळे येतात. याशिवाय बऱ्याच घोड्यांना पुढच्या दाढेला लागून वुल्फ टूथ नावाचा एक खुरटा दात असतो. तो बिटच्या आड येत असेल तर पशुवैद्याकडून आधीच काढून घ्यावा लागतो. म्हणजे ज्या दोन-अडीच वर्षांत आपण घोड्याच्या तोंडात पहिल्यांदा लोखंड घालतो, त्याच काळात त्याच्या तोंडात सर्वांत जास्त उलथापालथ चाललेली असते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. तिथे ओठ वर करून, दात पाहून वय अचूक सांगणारे जाणकार पावलोपावली भेटतात. दोन दात, चार दात, तोंड भरले, हे सगळे त्यांना एका नजरेत कळते. ज्या माणसाला हिरडीतून वर येणारा दात दिसतो, त्यालाच त्या दाताच्या शेजारी जाड बिट घालून वर पट्टा आवळण्यात काही वावगे दिसू नये, याचे मला दर खेपेस आश्चर्य वाटते.

म्हणून मी कामाला तोंडापासून सुरुवात करत नाही, नाकापासून करते. कोवळ्या घोड्याच्या डोक्यावर पहिल्यांदा चढते ती साधी, बिट नसलेली मोहरकी, आणि तिची सवय झाली की लंजिंगचे कॅव्हसन. हे आणि ब्रायडलमधला कॅव्हसन नोजबँड या वेगळ्या वस्तू आहेत. लंजिंगचे कॅव्हसन दिसायला दणकट मोहरकीसारखेच असते. त्याच्या नाकावर येणाऱ्या भागात जाड गादी आणि तिच्यावर बिजागऱ्यांनी जोडलेली धातूची पट्टी असते. त्या पट्टीवर तीन कड्या असतात आणि मधल्या कडीला लांब दोरी बांधून घोड्याला गोल फिरवतात, तेच लंजिंग. गालफडाखालून जाणारा एक पट्टाही असतो. तो नीट बसवला नाही तर दोरीला ताण येताच बाहेरच्या बाजूचा गालपट्टा सरकून थेट डोळ्यावर जातो, आणि असे एकदा झाले की कोवळा घोडा पुढे कित्येक दिवस डोक्याला हात लावू देत नाही. नाकावरची पट्टी हाडावरच बसली पाहिजे, हाड संपते त्याच्या बरीच वर. मारवाडी घोड्यांत नाकाचा बांक काहींना जरा पुढे आलेला असतो. त्यांच्यासाठी बिजागऱ्या नाकाच्या आकाराप्रमाणे वळतात की नाही ते पाहूनच कॅव्हसन घ्यावे, नाहीतर पट्टीचे दोन कोपरे टोचत राहतात आणि मधला भाग अधांतरी राहतो.

लंजिंगची दोरी बिटच्या कडीलाच अडकवण्याची पद्धत आपल्याकडे बरीच रूढ आहे. तीत एक साधी अडचण आहे. दोरी ओढली की बिट तोंडातून एका बाजूला सरकते, बाहेरची कडी गालावर दाबली जाते आणि आतल्या बाजूला ओठाचा कोपरा खेचला जातो. घोड्याने अजून बिटचा अर्थ शिकलेला नसतो, त्यामुळे त्याला कळते ते एवढेच की तोंडात दुखते. कॅव्हसनवर तीच दोरी नाकाच्या मधोमध असते. दोरीला हलकेच लहर दिली की नाक आत येते, नाकापाठोपाठ मान वळते, आणि घोडा तोल सावरण्यासाठी आतला मागचा पाय पोटाखाली आणतो. तो तसे करताच दोरी सैल झाली पाहिजे. सगळे शिक्षण त्या सैल होण्यात आहे. सांगून झाल्यावरही दोरी ताणलेली राहिली तर घोडा तिच्यावर रेलायला शिकतो, आणि मग तो मोठा झाल्यावर तक्रार करतात की हा फार ओढतो. मी वर्तुळ मोठे ठेवते आणि वेळ थोडा ठेवते, कारण लहान वर्तुळात सतत फिरण्याचा ताण कोवळ्या सांध्यांवर येतो. दोन्ही दिशांना सारखेच फिरवावे लागते, हे वेगळे सांगायला नको.

कॅव्हसनचा दुसरा फायदा पुढच्या टप्प्यात दिसतो. घोडा नाकावरून नीट वळू आणि थांबू लागला की त्याच कॅव्हसनखाली मी साधे बिट नुसतेच तोंडात ठेवते, त्याला काहीही बांधत नाही. घोडा ते चघळतो, जिभेने हलवतो, कधी जीभ वर घेऊ पाहतो, आणि काही दिवसांनी ते तोंडात स्थिर धरायला शिकतो. या सगळ्या काळात त्याला दिशा नाकावरूनच मिळत असते, त्यामुळे बिटशी त्याचे भांडण होण्याचा प्रसंगच येत नाही. पाठीवर स्वार बसू लागला की कॅव्हसनच्या बाजूच्या दोन कड्यांना एक लगाम आणि बिटला दुसरा असे दोन लगाम हातात घ्यायचे, आणि आज्ञा आधी नाकावर द्यायची, मग बिटवर अगदी हलका स्पर्श करायचा. हळूहळू नाकावरचे काम कमी होत जाते. या पद्धतीला वेळ लागतो हे खरे आहे, आणि आपला घोडा महिनाभरात दुडकी चालीवर स्वार घेऊन फिरावा अशी अपेक्षा असलेल्या मालकांना ती रुचत नाही.

ही पद्धत काही माझी नव्हे. सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सचा राजा तेरावा लुई याला घोडेस्वारी शिकवणारा आंत्वान द प्लुव्हिनेल नव्या घोड्यांना कॅव्हसन घालून एका खांबाभोवती फिरवत असे. त्याच्यानंतरच्या पिढीत विल्यम कॅव्हेंडिश, म्हणजे पुढे न्यूकॅसलचा ड्यूक झालेला इंग्रज सरदार, इंग्लंडमधल्या यादवी युद्धात पराभव झाल्यावर अँटवर्पला राहिला आणि तिथे त्याने कॅव्हसनच्या लगामांवर आधारलेली स्वतःची पद्धत बसवली. घोड्याची मान आत वाकवण्याचा त्याला जो सोस होता तो मला पटत नाही, पण बिटाआधी नाक हा क्रम दोघांचाही होता. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये पीबरच्या पैदास केंद्रातून येणाऱ्या तरुण लिपिझानर घोड्यांचे शिक्षण आजही कॅव्हसन आणि लंजिंगनेच सुरू होते.

मात्र नाकावरचे साधन आहे म्हणजे ते सौम्यच असणार, असे कोणी समजू नये. स्पेनमध्ये सेरेटा नावाचे एक कॅव्हसन वापरात आहे. त्याच्या नाकावरच्या धातूच्या कमानीला आतून दाते असतात. काही ठिकाणी त्यावर चामडे मढवतात, काही ठिकाणी मढवत नाहीत, आणि जुन्या पद्धतीने शिकवलेल्या कित्येक स्पॅनिश घोड्यांच्या नाकावर त्याचा आडवा व्रण जन्मभर राहतो. नाकावर कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांसाचा थर जवळजवळ नसतोच, त्यामुळे तिथे हात जड पडला तर बिटपेक्षा कमी इजा होते असे नाही.

अमेरिकेच्या पश्चिम भागात, विशेषतः स्पॅनिश वसाहतीच्या काळापासूनच्या कॅलिफोर्नियातल्या गुराखी परंपरेत, हाच विचार वेगळ्या रूपात आला. तिथे कच्च्या चामड्याच्या वाद्या गोफासारख्या विणून केलेला बोसाल नावाचा नाकपट्टा वापरतात. हनुवटीखाली त्याची जड गाठ असते आणि तिथेच घोड्याच्या केसांच्या वळलेल्या दोराचा लगाम बांधतात. लगाम सैल असताना ती गाठ स्वतःच्या वजनाने हनुवटीपासून सुटून खाली लोंबते. स्वाराने लगाम किंचित उचलला की गाठ हलते, आणि दाब येण्याआधीच घोड्याला सूचना मिळते. सुरुवातीला जाड बोसाल, मग बारीक, नंतर बोसाल आणि बिट दोन्ही एकत्र, आणि सर्वांत शेवटी केवळ बिट असा तो क्रम आहे, आणि तो पुरा व्हायला वर्षे लागतात. दात बदलण्याच्या काळात तोंड मोकळे राहते, हा या क्रमाचा मोठा लाभ. अमेरिकन क्वार्टर हॉर्स जातीच्या वेस्टर्न पद्धतीच्या स्पर्धांत पाच वर्षांपर्यंतच्या घोड्यांना बोसालवर किंवा साध्या बिटवर दोन्ही हातांनी चालवण्याची मुभा आहे, ती याच परंपरेतून आली. मेकॅनिकल हॅकमोअर नावाचे लांब दांड्यांचे साधनही बिटविरहित म्हणून विकले जाते, पण त्यात तरफेमुळे नाकावरचा दाब वाढतो आणि डावे-उजवे नीट सांगता येत नाही, म्हणून कोवळ्या घोड्याला शिकवण्यासाठी ते कामाचे नाही.

आता तोंड मिटवणाऱ्या पट्ट्यांकडे येते. ड्रॉप नोजबँड हा त्यातला जुना आणि समजून वापरला तर त्यातल्या त्यात प्रामाणिक प्रकार. त्याचा पुढचा भाग नाकाच्या हाडाच्या खालच्या भागावर बसतो आणि मागचा पट्टा बिटच्या खालून, हनुवटीच्या खळगीतून जातो. जर्मन पद्धतीच्या शिक्षणात तो फार वापरला गेला, कारण तो बिट स्थिर ठेवतो आणि घोड्याने तोंड उघडायचा प्रयत्न केला तर नाकावर दाब येतो. नाकपुडीच्या वरच्या कडेपासून साधारण चार बोटे वर तो बसला पाहिजे. मी पाहिलेल्या ड्रॉप नोजबँडपैकी बहुतेक याहून खाली, हाड संपल्यानंतरच्या मऊ भागावर बसवलेले होते. फ्लॅश म्हणजे कॅव्हसनच्या मधोमध शिवलेल्या लूपमधून ओवलेला आणि बिटखालून जाणारा बारीक पट्टा. त्याचा दोष त्याच्या रचनेतच आहे. तो कॅव्हसनला खाली ओढतो, म्हणून कॅव्हसन जागेवर राहावा यासाठी तोही आवळावा लागतो, आणि एकाऐवजी दोन पट्टे घट्ट होतात. ग्रॅकलमध्ये दोन पट्टे नाकावर एकमेकांना छेदतात. १९३१ साली इंग्लंडची ग्रँड नॅशनल शर्यत जिंकलेल्या ग्रॅकल नावाच्या घोड्यामुळे तो या नावाने ओळखला जातो, आणि वेगात ओढणाऱ्या तयार घोड्यांवर तो आजही दिसतो.

सर्वांत फसवा प्रकार क्रँकचा. यात जबड्याखाली पट्टा एका कडीतून ओवून उलट मागे आणतात आणि मग बकलात अडकवतात. कप्पीवरून दोर ओढावा तसा हा प्रकार आहे, त्यामुळे हाताने लावलेल्या जोराच्या जवळपास दुप्पट ताण पट्ट्यात येतो. शिवाय जबड्याखाली जाड मऊ गादी असते, त्यामुळे बांधणाऱ्याला आपण किती आवळले याचा अंदाजच येत नाही आणि गादी पाहून मालकाचेही समाधान होते. कानपूरच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या नव्या ब्रायडलमध्ये क्रँक आणि फ्लॅश बहुतेक वेळा एकत्रच शिवलेले येतात, कारण परदेशातून आणि आता देशातूनही तशीच मागणी असते. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींना गुण देणारा खेळ) संघाने सुवर्णपदक मिळवले, त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता, आणि तेव्हापासून आपल्याकडे या खेळाची चौकशी वाढलेली मला जाणवते. ड्रेसाजमध्ये घोड्याचे उघडे तोंड आणि बाहेर आलेली जीभ यांना गुण कापले जातात. परीक्षकांचा हेतू असा की तोंड उघडणे हे कुठेतरी बिनसल्याचे लक्षण आहे, ते गुणांत दिसावे. पट्टा आवळून ते लक्षणच झाकून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरला, हे या नियमाचे दुर्दैव.

मध्यंतरी माझ्याकडे एक चार वर्षांची मारवाडी घोडी आली. डावीकडे वळताना तोंड उघडते आणि जीभ बाजूला काढते, अशी तक्रार होती, आणि उपाय म्हणून क्रँकही आवळलेला होता आणि फ्लॅशही. मी दोन्ही पट्टे सोडायला सांगितले, तेव्हा मालक म्हणाले, "मॅडम, पट्टा काढलात तर ती हाताला लागायची नाही." आमच्या तबेल्यातले मामा, ज्यांचा जन्म साईसगिरीत गेला, ते घोडीच्या गालाला आतून बोट लावून पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "साहेब, आधी वास घेऊन बघा." तोंडाला खरोखरच कुजका वास होता. पशुवैद्यांनी जबड्यात चाप लावून पाहिले, तेव्हा डाव्या बाजूच्या वरच्या तिसऱ्या दाढेवर दुधाच्या दाढेची झिजून पातळ झालेली टोपी खालून येणाऱ्या नव्या दाढेवर तिरकी अडकून बसलेली दिसली. तिच्याखाली चारा कुजत होता, हिरडी सुजली होती, आणि शेजारी गालाच्या अस्तरावर दाढेच्या धारेने पडलेली लांबट जखम होती. टोपी निघाली, दाढांच्या कडा घासून झाल्या, आणि जखम भरेपर्यंत बिट पूर्ण बंद ठेवले. तेवढे आठवडे घोडी कॅव्हसनवर काम करत होती. डावीकडे वळताना ती आधी नाक बाहेर काढून खांदा आत टाकायची, ती खोड जायला दातापेक्षा जास्त वेळ लागला, पण तोंड उघडणे मात्र दात सुधारला तेव्हाच थांबले होते.

तोंड उघडण्याचे कारण दर वेळी दातच असते असे नाही. बिट जाड असून जिभेला जागा नसणे, बिट ओठात फार वर किंवा फार खाली बसवलेले असणे, स्वाराचा हात जड असणे, किंवा घोड्याचा तोलच अजून तयार नसणे, अशी कारणे असू शकतात. त्यातले नेमके कोणते, हे शोधायचे तर तोंड हलताना दिसले पाहिजे. किती हलते, केव्हा हलते, कोणत्या वळणावर, थांबताना की चाल बदलताना, यांवरून कारण सापडते. कोवळा घोडा आपल्याला जी माहिती देतो तिचा मोठा भाग त्याच्या जबड्यातून येतो. तयार घोड्याच्या स्वाराला हे इतर खुणांवरूनही कळू शकते. कोवळ्या घोड्याच्या शिक्षकाजवळ इतर खुणा थोड्या असतात, म्हणून ही खूण झाकून त्याला चालण्यासारखे नाही.

नोजबँड किती सैल असावा, याचा जुना नियम दोन बोटांचा आहे. तो चांगला आहे, पण बोटे कुठे घालायची याविषयी सोयीस्कर समज पसरलेले आहेत. गालाच्या बाजूला मांस दबते आणि जबड्याखाली पोकळी असते, त्यामुळे तिथे घट्ट पट्ट्यातही बोटे जातात. पट्टा नाकाच्या हाडावर मधोमध असतो तिथे बोटे गेली पाहिजेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियम इथल्या स्पर्धांतल्या ७५० घोड्यांचे नोजबँड नाकावर मोजले होते. दोन बोटे जातील एवढे सैल नोजबँड फक्त ७ टक्के होते आणि ४४ टक्के नोजबँडखाली मोजपट्टीचे टोकही शिरत नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी १२ घोड्यांवर केलेल्या प्रयोगात पट्टा अगदी घट्ट असताना घोड्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, चघळणे कमी झाले, आणि पट्टा काढल्यावर ते नेहमीपेक्षा जास्त जांभया देत, गिळत आणि ओठ चाटत राहिले. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ मे २०२५ पासून आपल्या स्पर्धांत बोटांऐवजी ठरावीक मापाचे साधन आणले. नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दीड सेंटीमीटर जागा असली पाहिजे, असे ते माप आहे. वादावादीला जागा राहू नये म्हणून हे बरेच झाले, कारण माझी दोन बोटे आणि मामांची दोन बोटे यांच्यात बरेच अंतर आहे.

आपल्याकडच्या दोन गोष्टी जाता जाता नोंदवते. पुण्या-मुंबईच्या रायडिंग स्कूलमध्ये येणारे बरेच घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. वयाने ते चार-पाच वर्षांचेच असतात, म्हणजे आपल्या अर्थाने कोवळेच, पण त्यांना दुसऱ्याच वर्षापासून बिटवर रेलून धावण्याची सवय लागलेली असते. शर्यतीत त्यांच्या नाकावर मेंढीच्या लोकरीचा जाड पट्टा असतो तो जमिनीवरच्या सावल्यांनी बुजू नये म्हणून; त्याचा तोंड मिटण्याशी संबंध नाही. असा घोडा रायडिंगमध्ये ओढू लागला की त्याला ग्रॅकल चढवतात. मी त्यालाही कोऱ्या घोड्याप्रमाणे कॅव्हसनपासूनच सुरू करते, कारण त्याचे नाक अजून कोणी बिघडवलेले नसते. दुसरी गोष्ट काटेरी लगामाची. १९६५ च्या ओझी वाहणाऱ्या आणि ओढकामाच्या जनावरांविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार काटे असलेले बिट वापरण्यास मनाई आहे, तरीही वराती आणि बाजार यांतून ते अजून दिसते. ते काढून टाकणारे मालकही पुष्कळदा त्याची भरपाई म्हणून जबडा आवळून बांधतात. काटे गेले याचा आनंद आहेच, पण एक जाच काढून दुसरा लावल्याने घोड्याचे शिक्षण पुढे सरकत नाही.

माझ्या तबेल्यात पाच वर्षांच्या आतल्या घोड्याला बिट घातल्यावर ब्रायडलमध्ये एकच साधा कॅव्हसन नोजबँड असतो, दीड सेंटीमीटरच्या मापाने बसवलेला, आणि पहिल्या काही आठवड्यांत तोही नसतो. ड्रॉप मी केवळ अशा घोड्यावर वापरला आहे ज्याचे दात, बिट आणि तोल तिन्ही तपासून झालेले होते आणि जीभ बिटवरून काढण्याची सवय मात्र उरली होती. तोही सैल बसवून, आणि सवय गेल्यावर काढून ठेवून. त्या मारवाडी घोडीला दिवाळीनंतर तिच्या पहिल्या स्पर्धेला न्यायचे ठरले आहे. मालकांनी नवे ब्रायडल घेण्याऐवजी जुनेच मोच्याकडे नेले, फ्लॅशचे लूप उसवून घेतले, क्रँकची कडी काढून तिथे साधे बकल शिवून घेतले आणि पट्ट्याला आणखी तीन भोके पाडून आणली. मोच्याने भोके घट्ट करण्याच्या बाजूला पाडली होती, म्हणून पट्टा परत पाठवला आहे.